दुवा सांधणाऱ्या कार्यकर्त्या

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. आमच्या देणगीदारांना ही तरतूद ठाऊक आहेच. मात्र वर्षअखेरीस या निधीत शिल्लक राहणे ही समाधानाची बाब नव्हे, हे उमगण्यास आम्हाला बराच काळ लागला. आम्ही मूळचे हिशेबाचे. शिल्लक दिसली की बरे वाटते.

काही वर्षांपूर्वी गळीत हंगामात ऊसतोडणीसाठी आलेली एक गरोदर स्त्री, डोके दुखते व पायांवर सूज आहे म्हणून आमच्या नोंदणी कक्षात आली. तिची शिधापत्रिका पाथर्डी तालुक्यातील गावी पेटीत राहिली होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तिने कधी पाहिलाही नव्हता. कर्मचाऱ्याने आवश्यक कागदपत्रांची यादी नम्रपणे सांगितली आणि ती परत गेली. नवव्या दिवशी रात्री झटके येत असलेल्या अवस्थेत तिला टेम्पोतून आणले. माता वाचली, बाळ वाचले नाही. तातडीच्या रुग्णास विनाविलंब दाखल करून घ्यावे, असे योजनेतच नमूद आहे. परंतु पहिल्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत आली होती व तिची अवस्था ओळखणारे कोणी त्या खिडकीपाशी नव्हते. कर्मचाऱ्यास दोष देऊन आम्हाला मोकळे होता येत नाही. खिडकी आमचीच होती.

मधल्या आठ दिवसांत ती का आली नाही, याची आम्ही नंतर चौकशी केली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाने काम चुकवले की खाडा पडतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची लांबते. त्यात दाखल्यासाठी गावाकडे हेलपाटा घालायचा, तर आठवडा मोडतो. गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक आशा दिली आणि त्यांचे काम मोलाचे आहे. पण या स्त्रीचे नाव होते गावच्या यादीत, आणि ती राहत होती कारखान्याजवळच्या कोपीत.

उपाय शोधण्यासाठी आम्हाला जिल्ह्याबाहेर जावे लागले नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवली, परंतु खेड्यांत त्यांचा जम बसला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवण्यात आले. त्यांतील अनेकजणी निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. प्रकल्पक्षेत्रात १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. दुष्काळात पाणी व अन्न पुरविण्याचे कामही प्रकल्पाने हाती घेतले होते, त्यामुळे सर्व श्रेय एकट्या कार्यकर्तीस देणे योग्य नाही. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पद्धतीतील आम्हास विशेष वाटलेली गोष्ट म्हणजे, कार्यकर्ती रुग्णालयाची निरोप्या नसून गावाची असते व तिला ज्ञान हातचे राखून दिले जात नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही २०१९ पासून डॉक्टर आणि वस्ती यांना जोडणारे असे कार्यकर्ते मोठ्या संख्येने नेमले. आपल्याकडे हे पन्नास वर्षांपूर्वी घडले होते, हे येथे सांगावेसे वाटते.

आमचा प्रयत्न अगदी लहान आहे. दोन दुवा कार्यकर्त्या नेमल्या असून दोघींनीही पूर्वी ऊसतोड केलेली आहे. मजूर पहाटेपूर्वीच फडावर जात असल्याने त्या संध्याकाळी, चुली पेटण्याच्या वेळी कोप्यांवर जातात. गरोदर स्त्रियांचा रक्तदाब मोजणे, बालकांची लसीकरणाची पत्रे पाहणे व गरजेप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आमच्याकडे सोबत येणे, हे त्यांचे काम. शिधापत्रिकेचे छायाचित्र गावाकडून दूरध्वनीवर मागवून वैद्यकीय समाजसेवकाकडे देणे, हेही त्याच करतात. मुकादमाशी बोलणे सर्वांत कठीण. एका दिवसाचा खाडा परवडतो पण महिनाभराचा नाही, हे त्याला पटवावे लागते. कधी पटते, कधी नाही. नोंदणी कक्षातील नियमही आम्ही बदलला आहे: गरोदर स्त्रीस आधी परिचारिका तपासते, कागदपत्रे नंतर.

आता हिशेबाची एक अडचण. निर्धन रुग्ण निधी उपचारांसाठीच वापरावयाचा असल्याने कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवासखर्च व रक्तदाब मापक यांचा खर्च त्यातून भागविता येत नाही. तो सर्वसाधारण देणग्यांतून करावा लागतो. ज्यांना यंत्रसामग्रीसाठी देणगी द्यावयाची आहे, त्यांनी तिचा काही भाग या कामी देण्याचा विचार करावा. अशा देणगीचा नामफलक लावता येणार नाही. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि तत्पूर्वी आणखी दोन कार्यकर्त्यांची नेमणूक व्हावी, असा विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव आहे.