सांधा कोणाचा?

नागोठणे सुटलं की रोह्याच्या आधीचं स्टेशन निडी. नोकरीपायी मुंबईत राहून गावच्या जागेत घर बांधणारा माणूस सुटीच्या दिवशी इथे उतरतो, दोन-तीन तास साइटवर उभा राहतो आणि परतीची गाडी पकडतो. मीही एक अख्खा हंगाम हेच केलं. ‘काम अमक्याला दिलंय’ असं आपण चारचौघांत सांगतो, पण त्या अमक्याच्या हाताखाली सात-आठ कारागीर आपापला भाव ठरवून आलेले असतात. आणि घर पुढे गळतं ते बहुतेक वेळा त्यांच्यातल्या दोघांची कामं जिथे भेटतात त्या सांध्यावर.

आपल्याकडे काम द्यायच्या दोन रीती. एक मटेरियलसकट: सिमेंटच्या पोत्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत सगळं ठेकेदाराचं. दुसरी लेबर रेटची: माल मालकाचा, मजुरी चौरस फुटावर. गावाकडे दुसरी जास्त चालते, कारण ती स्वस्त वाटते. पण लेबर रेटमध्ये साधारणपणे गवंडीकाम, सेंट्रिंग, सळई बांधणं, वीटकाम आणि प्लास्टर एवढंच धरलेलं असतं. प्लंबर, वायरमन, लादीवाला, रंगारी, फॅब्रिकेटर हे सगळे बाहेर. त्यांना बोलावणं, एकामागून एक लावणं, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला आत न सोडणं, हे काम कोणाचं? ते कोणीच घेतलेलं नसतं, म्हणजे ते मालकावर येतं. आणि मालक तर डोंबिवलीला.

स्लॅबचंच पाहा. हजार चौरस फुटांचा, 5 इंच जाडीचा स्लॅब म्हणजे चार ब्रासच्या वर काँक्रीट. तुळया सोडून नव्वदेक पोती सिमेंट एका दिवसात जातं. त्या दिवशी मिक्सरची टोळी येते, संध्याकाळी हिशेब घेऊन निघून जाते. पण त्याआधी सेंट्रिंगवाल्याने प्लेटा आणि टेकू लावलेले असतात, फिटरने सळई बांधलेली असते, आणि त्या सळईत वायरमनने पाइप व पंख्याचे बॉक्स, प्लंबरने खाली जाणाऱ्या नळांची भोकं राखलेली असावी लागतात. वायरमन एक दिवस उशिरा आला, तर पुढे तयार स्लॅबला छिन्नी लागते. गवंडी म्हणतो, वायरमन आला नाही. वायरमन म्हणतो, मला कोणी कळवलं नाही. दोघेही खरं बोलत असतात.

मग टेकू काढायचा प्रश्न. आयएस 456 या भारतीय मानकानुसार, नेहमीचं सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला 14 आणि त्यापुढे 21. सेंट्रिंगवाल्याचं भांडवल त्या प्लेटांत आणि टेकूंत अडकलेलं असतं. इथे जितके दिवस उभे, तितके दिवस त्याची पुढची साइट बंद. गवंड्यालाही खाली वीटकामाला जागा हवी असते. दोघांचीही घाई एकाच दिशेची, आणि स्लॅबच्या बाजूने बोलणारा कोणी नाही. चांगला ठेकेदार इथे ओळखावा. तो सेंट्रिंगवाल्याशी भाव ठरवतानाच दिवस ठरवतो आणि ते दिवस मोजतो.

बाथरूमची तऱ्हा याहून नाजूक. प्लंबर नळ टाकतो, वॉटरप्रूफिंगवाला कोबा करतो, वर लादीवाला बसवतो. कोबा झाल्यावर पाणी साठवून दोन-तीन दिवस खालून पाहायचं असतं. लादीवाल्याची तारीख गाठायची म्हणून नेमके हेच दिवस खाल्ले जातात. नंतर ओल दिसली की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि लादी फोडल्याशिवाय कोण खरा ते कळत नाही. मटेरियलसकट काम दिलेल्या मालकाला निदान एकाच माणसाला फोन करावा लागतो. ठेकेदार स्वतःसाठी जो वरचा नफा धरतो, तो मला पूर्वी फुकटचा वाटे. आता वाटत नाही. तो या सांध्यांचा मोबदला आहे, अर्थात त्याने सांधे सांभाळले तर.

कायदा इथे फारसा धावून येत नाही. 2016 चा रेरा विक्रीसाठी बांधलेल्या घरांचा. स्वतःच्या जागेत स्वतःसाठी बांधलेलं घर त्यात बसत नाही. मालकाचा करार ठेकेदाराशी. ठेकेदाराने नेमलेल्या प्लंबरशी मालकाचं कागदावर नातंच नाही. म्हणून जे काही आहे ते आपल्या करारनाम्यात.

साखळी लांबली की शेवटच्या माणसाची मजुरी अडते, हे दुःख जुनं आहे आणि आपल्याच रायगड जिल्ह्याच्या डोक्यावर घडलेलं आहे. बोरघाटातला रेल्वेमार्ग बांधताना 1859 च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. मूळ कंत्राटदार फॅव्हिएल यांनी त्याच वर्षी काम सोडलं. ते घेणारे सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच काळात वारले, आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवलं. 1863 मध्ये घाट खुला झाला. आज बांधकाम कामगारांसाठी राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे, पण नोंदणीला आधीच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. विटा वाहणारी बाई त्या 90 दिवसांत चार ठेकेदारांकडे राबते. दाखला कोणी द्यायचा? मालकाने त्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत तिच्या बाजूने शब्द टाकावा, असं मला मनापासून वाटतं. तिने वाहिलेल्या विटांवरच आपण राहणार असतो.

आमच्या करारात जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे नेहमीचे हप्ते होते. माझ्या थोरल्या चुलत्यांनी त्यात एक ओळ घालायला लावली: शेवटचा हप्ता पहिला पावसाळा सरल्यावर. ठेकेदार जरा थांबला, मग म्हणाला, “काका, मग लादीवाला आणि प्लंबर मीच आणणार. तुमचे नकोत.” आम्ही मान्य केलं. त्याने पुढे त्या दोघांचेही थोडे पैसे तसेच मागे ठेवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळायला लागला तेव्हा ठेकेदार न बोलावता आला, प्लंबरला घेऊन, आणि दोघे टॉर्च लावून बाथरूमच्या खालच्या छताकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.