कार्यालयाची रचना आणि कर्मचाऱ्याचे समाधान

ताथवड्याच्या पूर्वेस पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि पश्चिमेस हिंजवडीची संगणकीय कार्यालये अशी श्रमाची दोन जगे थोड्याच अंतरावर आहेत. कारखान्यात यंत्रांची मांडणी मालाच्या प्रवासावरून ठरते. मध्ये भिंत नसणे तेथे सयुक्तिकच होय. तोच न्याय कार्यालयास लावून खोल्या काढल्या, म्हणजे मालाप्रमाणे विचारही मेजामेजांतून सुलभतेने फिरेल, ही समजूत मात्र तपासून घ्यावयास हवी.

बर्नस्टाइन व टर्बन ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कार्यालयांत भिंती काढण्यापूर्वीचा व नंतरचा व्यवहार मोजला. कर्मचाऱ्यांच्या अंगावरील उपकरणांच्या नोंदींनुसार समोरासमोरचे संभाषण सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. आसपास कान असले की माणूस आवाज आवरतो. चाळीत राहिलेल्यास हे निराळे सांगणे नको.

गोंगाटाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. एकसुरी घरघर तात्कालिक स्मरणास फारशी बाधा आणीत नाही. शेजारचे बोलणे, ते हळू असले तरी, आणते. बोलण्यातील ध्वनी क्षणोक्षणी पालटतो आणि मनात धरून ठेवलेला क्रम विस्कटतो. म्हणूनच केवळ आवाजाची पातळी मोजणारे कारखान्यातील ध्वनिमापक येथे अपुरे पडते. किम व डी डिअर ह्यांनी २०१३ साली ३०३ इमारतींतील ४२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली. मोकळ्या दालनातील संपर्काची सोय ही गोंगाट व एकांताचा अभाव ह्यांमुळे होणारी हानी भरून काढीत नाही, असे त्यांस आढळले.

असे असता स्वतंत्र खोली कोणास मिळते? बहुधा पदास. ज्याचा दिवस बैठकांत सरतो तो अधिकारी काचेआड बसतो. ज्यास सलग दोन तास शांतता हवी असा आज्ञावली लिहिणारा किंवा आराखडा तपासणारा दालनाच्या मध्यावर. समाधानाच्या प्रश्नावलीत खुर्ची, उजेड, वातानुकूलन हे सारे विचारले जाते. आपली जागा ठरविताना आपणास कोणी विचारले काय, एवढेच राहून जाते.

ह्या परिसरात असा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने नूतनीकरणानंतर लगेच प्रश्नावली वाटू नये. नव्या रंगाचा आनंद काही आठवडे टिकतो. रचना बदलण्यापूर्वी एकदा, आणि बदलास वर्ष लोटल्यावर पुन्हा, त्याच माणसांस विचारावे. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांची गणतीही त्यातच धरावी.