डोळ्याला अंतर दिसत नाही

नरडाण्याच्या रेल्वे स्थानकावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत आपण उभे आहोत, असे समजू. सुरत–भुसावळ मार्गावरचे हे छोटे स्थानक. दूर अंधारात इंजिनाचा दिवा दिसू लागतो. गाडी किती लांब असेल? बाकावरचा एक गृहस्थ म्हणतो, "आली की, एक किलोमीटरवर असेल." दुसरा म्हणतो, "छे, अजून तीन तरी आहे." दोघांची नजर चांगली आहे, तरी उत्तरांत तिपटीचा फरक आहे.

यात त्यांचा दोष नाही. दूरच्या दिव्यावरून डोळ्याला दिशा नेमकी कळते, अंतर मात्र कळत नाही. ते कशावरून तरी काढावे लागते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हीच अडचण रोजची असते, म्हणून तेथे दोन उपकरणे वापरतात. लक्ष्य न्याहाळण्यासाठी तिकाटण्यावर बसवलेली दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप. आणि अंतर काढण्यासाठी अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर. ही उपकरणे पारखायची कशी, हे समजून घेतले तर शाळेसाठी साधी दुर्बीण घेतानाही फसगत होणार नाही.

अंदाज चुकला तर काय होते?

बंदुकीची गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीतून सुटताक्षणीच ती खाली पडू लागते. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. ३०० मीटर जायला तिला ०.३७५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती सुमारे ६९ सेंटिमीटर खाली येते. ४०० मीटरला अर्धा सेकंद लागतो आणि घसरण सुमारे १२३ सेंटिमीटर होते. म्हणजे या दोन अंतरांच्या अंदाजात १०० मीटरची चूक झाली, तर गोळी साधारण पाव मीटर वर किंवा खाली जाते. हवेचा विरोध धरला तर फरक आणखी वाढतो.

ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल प्रकारात हा प्रश्न येत नाही, कारण अंतर ठरलेलेच असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच अंतरावर विश्वविजेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक. तेथे अंतरमापकाचे काम नाही. मोठ्या स्पर्धांत गोळी कुठे लागली ते आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्यच दाखवते. पण कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला आपले छिद्र पाहायला दुर्बीण लागतेच.

दुर्बीण : आकड्यापेक्षा कोन पाहा

निरोगी डोळ्याला साधारण १ मिनिटाच्या कोनाएवढा तपशील ओळखता येतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट, आणि मिनिटाचा साठावा भाग म्हणजे सेकंद. ५० मीटरच्या रायफलची गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची असते. तिचे छिद्र ५० मीटरवरून सुमारे २३ सेकंदांचा कोन करते. म्हणजे ते जेमतेम दिसायला तिप्पट विशालन हवे, आणि डोळ्यांना ताण न देता दिसायला १५ ते २० पट.

३०० मीटरवर ७.६२ मिलिमीटरचे छिद्र अवघे ५ सेकंदांचे होते. आता बारा पटींनी जेमतेम भागेल आणि आरामात पाहायला ४० पटींच्या आसपास लागतील. मग १००० मीटरला १०० पटींची दुर्बीण घ्यावी काय? येथे आकडा दगा देतो. तेवढ्या अंतरावर छिद्राचा कोन दीड सेकंदाच्या जवळ येतो, आणि ६० मिलिमीटर वस्तुभिंगाची दुर्बीण कितीही चांगली असली तरी सुमारे २ सेकंदांपेक्षा बारीक तपशील दाखवू शकत नाही. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे येते. विशालन वाढवले तर चित्र मोठे होते, पण नवे काही दिसत नाही. म्हणूनच १००० मीटरच्या मैदानावर लक्ष्याखालच्या खंदकात माणसे बसतात. ती लक्ष्य खाली ओढून छिद्रावर ठळक चकती लावतात. नेमबाज दुर्बिणीतून पाहतो ती ही चकती.

दुर्बिणीवर २०–६० × ६० असे लिहिलेले असते. पहिले दोन आकडे विशालनाचे, शेवटचा वस्तुभिंगाच्या व्यासाचा. व्यासाला विशालनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २० पटींना ती ३ मिलिमीटर येते, ६० पटींना फक्त १. दिवसा आपली बाहुली २ ते ३ मिलिमीटर उघडी असते, म्हणून २० पटींना चित्र उजळ दिसते आणि ६० पटींना अंधुक. शिवाय हाताचा किंवा तिकाटण्याचा कंपही तितक्याच पटींनी वाढतो. तेव्हा पैसे आधी वस्तुभिंगावर आणि भक्कम तिकाटण्यावर खर्च करावेत.

खानदेशचे ऊन

दुसरी मर्यादा हवेची. एप्रिल–मेच्या दुपारी नरडाण्याच्या काळ्या रानावरून पाहिले, तर समोरची झाडे पाण्यात असल्यासारखी थरथरतात. तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम व विरळ होते, थंड हवेत मिसळत राहते, आणि प्रकाशकिरण क्षणाक्षणाला वाकतात. अशा वेळी चित्र अनेक सेकंदांच्या कोनाने हलते. मग ६० पटींची दुर्बीण फक्त थरथर मोठी करून दाखवते. विशालन २०–२५ वर आणणे, सकाळी लवकर पाहणे आणि नजरेची रेषा जमिनीपासून उंच ठेवणे, हाच उपाय. कसलेला नेमबाज मात्र या थरथरीचाही उपयोग करतो. ती कोणत्या बाजूला वाहते यावरून त्याला वारा कळतो.

अंतर मोजण्याच्या तीन वाटा

पहिली वाट ज्ञात आकाराची. वस्तूची उंची माहीत असेल आणि ती डोळ्याशी किती कोन करते ते मोजले, तर अंतर निघते. काही दुर्बिणींत यासाठी मिलिरेडियनच्या खुणा असतात. मीटरमधल्या उंचीला १००० ने गुणून खुणांच्या आकड्याने भागले की मीटरमध्ये अंतर मिळते. उंचीचा अंदाज १० टक्के चुकला, तर अंतरही १० टक्के चुकते.

दुसरी वाट आधाररेषेची. दोन ठिकाणांहून पाहून त्रिकोण सोडवायचा. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजली आणि त्रिकोणांमागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत गेला. १८२३ साली आपल्या हिंगणघाटला त्याचा अंत झाला, तेव्हाही हे काम चालूच होते. हेच तत्त्व एका नळीत बसवून बार आणि स्ट्राउड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धनौकांसाठी अंतरमापक केले. नळीच्या दोन टोकांना दोन भिंगे आणि मध्ये पाहणारा. पण आधाररेषा तोकडी पडली की चूक वाढते. आधाररेषा १ मीटर आणि कोनातली चूक १० सेकंद असेल, तर ५०० मीटरवर सुमारे १२ मीटरची चूक येते आणि १००० मीटरवर सुमारे ५० मीटरची. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते.

तिसरी वाट वेळेची. १९६० साली लेसर आला आणि अंतरमापन सोपे झाले. उपकरण प्रकाशाचा एक स्पंद सोडते आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजते. १ किलोमीटरवर जाऊन यायला प्रकाशाला सुमारे ६.७ मायक्रोसेकंद लागतात. येथे चूक अंतराच्या वर्गाने वाढत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरील परावर्तकाकडून असाच स्पंद परत मिळवला, तोही १०० किलोमीटरवरून.

पण लेसरही डोळस माणसालाच उपयोगी. त्याचा झोत पसरत जातो. पसरण १ मिलिरेडियन असेल, तर १ किलोमीटरवर ठिपका १ मीटरचा होतो. झोत पुढच्या बाजरीच्या कणसांवर पडला तर अंतर कमी येते, लक्ष्याला चुकवून मागच्या टेकडीवर गेला तर जास्त. खोक्यावर छापलेला पल्ला मोठ्या, चमकदार वस्तूसाठी असतो. झाड किंवा जनावर त्यापेक्षा पुष्कळ जवळ असावे लागते. म्हणून एकदाच मोजून थांबू नये. तीनदा मोजावे आणि आकडा डोळ्यांच्या अंदाजाशी ताडून पाहावा.

हे उपकरण केवळ नेमबाजाचे नाही. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत हरणे, रानडुकरे यांची संख्या काढताना वनकर्मचारी ठरलेल्या रेषेवरून चालतात आणि दिसलेल्या प्राण्याचे अंतर अंतरमापकाने टिपतात. तेथे अंतर चुकले की जंगलातल्या प्राण्यांची संख्याच चुकते.

वर्गासाठी

मुलांना शेताच्या बांधावर किंवा मैदानावर न्यावे. महामार्गावर आणि रुळांजवळ नको. हात ताठ धरून अंगठा उभा करावा. आधी एक डोळा मिटून पाहावे, मग दुसरा. अंगठा दूरच्या वस्तूंवरून उडी मारल्यासारखा दिसतो. दोन डोळ्यांतले अंतर सुमारे ६ सेंटिमीटर, डोळा ते अंगठा सुमारे ६०. म्हणजे गुणोत्तर दहा. उडी विजेच्या दोन खांबांमधल्या ५० मीटरएवढी दिसली, तर ते खांब ५०० मीटरवर आहेत.

मग पट्टी डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर धरून दूरची आडवी उभी एस. टी. मोजावी. बस ११ मीटर लांब आहे असे समजू. ती पट्टीवर ११ मिलिमीटर भरली, तर अंतर ६०० मीटर. तीच १२ भरली, तर ५५०. एका मिलिमीटरने ५० मीटर कसे बदलले, हे मुलांनी स्वतः पाहावे. नंतर सायकलच्या चाकाचे फेरे मोजून खरे अंतर काढावे आणि प्रत्येकाने आपली चूक टक्क्यांत लिहावी. एक सूचना मात्र न विसरता द्यावी : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि लेसर कोणाच्याही डोळ्यांवर धरू नये.

आठवडाभर हा सराव झाला की पुन्हा स्थानकावर जावे आणि दिव्याचे अंतर विचारावे. "नुसत्या दिव्यावरून सांगता येणार नाही; दिव्याचा आकार सांगा, किंवा दुसरीकडून पाहू द्या," असे एखाद्या मुलाने म्हटले, तर धडा पोहोचला असे समजावे.