बनगरवाडीचा पोरसवदा मास्तर

माणसाला स्वतःची ओळख पटते ती नेमकी कोणत्या क्षणी, हा प्रश्न तत्त्वचिंतकांनी जितक्या निष्ठेने हाताळला तितक्याच निष्ठेने चित्रपटकारांनीही हाताळला आहे, आणि बाल्य ओलांडून तारुण्याच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या मुलांच्या कथा जगातल्या प्रत्येक भाषेत पुनःपुन्हा पडद्यावर येतात त्याचे कारणही बहुधा हेच असावे. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या ‘द ४०० ब्लोज’ (१९५९) या चित्रपटातला आंत्वान घर, शाळा आणि सुधारगृह या तिन्ही ठिकाणांहून निसटून धावत धावत समुद्राशी येऊन थबकतो, सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’तला (१९५६) अपू शिक्षणासाठी आईला खेड्यात एकटी ठेवून कलकत्ता गाठतो, आणि आपल्या ‘फँड्री’तला जब्या, गावाने जन्मतःच त्याच्या माथी मारलेली ओळख, दगड भिरकावून धिक्कारतो. या सर्व कथांत ‘मी कोण’ याचे उत्तर मुलाला दूर गेल्यावर, किंवा नकार दिल्यावर सापडते. परंतु याच्या अगदी उलट वाटेने, म्हणजे एका अनोळखी वस्तीत जाऊन, तिथल्या माणसांचा भार खांद्यावर घेत घेत स्वतःपर्यंत पोहोचणाऱ्या एका तरुणाची कथा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या ओसाड माळरानात घडलेली आहे, आणि तिच्यावरील चित्रपटाची आपण घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि बरोबर चाळीस वर्षांनी, १९९५ मध्ये, अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. कथा औंध संस्थानाच्या अमलातली आहे. पंतप्रतिनिधींचे हे लहानसे संस्थान एकसंध नव्हते. त्याचे मुलूख निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले होते, आणि १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर औंध सातारा जिल्ह्यात राहिले, तर माडगूळकरांचे माडगूळे ज्या आटपाडी भागात आहे तो पुढे सांगली जिल्ह्यात गेला. सरकारी दप्तरात अशा रेघा ओढल्या गेल्या, तरी या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला माणदेश मात्र एकच राहिला. ज्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जेमतेम पाचशेच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही पडला तर. या प्रदेशातली धनगरांची एक वाडी, मेंढरे हेच तिचे धन, आणि तिच्यात बंद पडलेली एकशिक्षकी शाळा. अशा ठिकाणी राजाराम नावाचा, मिसरूडही नीट न फुटलेला एक तरुण नेमणुकीचा हुकूम घेऊन रुजू होतो.

येथे कादंबरी आणि चित्रपट यांतला एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. कादंबरीचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. जे काही दिसते ते राजारामच्या डोळ्यांनी दिसते, आणि म्हणून वाचकाला वाडी पूर्णपणे दिसली तरी राजाराम स्वतः काहीसा अदृश्यच राहतो. पडद्यावर आल्याबरोबर मात्र हा पाहणाराच पाहिला जाऊ लागतो. चंद्रकांत कुलकर्णी यांनी उभा केलेला तो शेलाटा, संकोची, पांढरपेशा मुलगा आणि त्याच्यासमोर चंद्रकांत मांडरे यांचा भरदार म्हातारा कारभारी, हे दोघे एका चौकटीत आले की वयाने, देहाने आणि अनुभवाने किती लहान माणसाला ही वाडी ‘मास्तर’ म्हणत आहे ते एका दृष्टिक्षेपात उमगते. पद मोठे आणि माणूस कोवळा, हे अंतर कसे भरून निघते याचीच ही कथा आहे.

ते अंतर राजाराम स्वतःच्या विचाराने भरून काढत नाही. वाडी ते भरून काढते. प्रारंभी त्याला केवळ पोरे गोळा करून शाळा भरवायची असते, आणि तेवढेही कारभाऱ्याच्या शब्दावाचून साधत नाही. हळूहळू लोक त्याच्याकडे अक्षरांपलीकडची कामे घेऊन येऊ लागतात. कुणाची कैफियत ऐकायची, कुणाचे भांडण मिटवायचे, कुणाचे तालुक्याचे काम करून आणायचे. आनंदा रामोशी, ज्याच्यावर गावाची नजर सदैव संशयाची, तो मास्तरशी मोकळेपणाने बोलतो. पोरका आयबू त्याच्या सावलीला येऊन राहतो. दादूसारखा खोडसाळ माणूस त्याच्या वाटेत काटे पेरतो. शेकूच्या घरी बैल एकच असतो, तेव्हा जुवाची दुसरी बाजू त्याची बायको स्वतःच्या खांद्यावर घेते आणि बैलाच्या बरोबरीने रान नांगरते. हे पाहणाऱ्या तरुणाला कुणी उपदेश करीत नाही, तोही कुणाला करीत नाही. परंतु पुस्तकातले धडे शिकविण्यासाठी आलेल्या मुलाला त्या दृश्यापुढे आपल्या शिक्षणाचे माप कळून चुकते.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अंजीच्या चोळीचा प्रसंग. कारभाऱ्याची ही तरुण मुलगी मास्तरला तालुक्याच्या गावाहून चोळी शिवून आणायला सांगते, आणि तोही इतर दहा कामांसारखेच हे एक काम म्हणून ते पत्करतो. तो बिचारा अजून स्वतःला एक साधा पोरगा समजत असतो. परंतु वाडीने त्याला मास्तर केलेले असते, आणि वाडीच्या मास्तराने कारभाऱ्याच्या लेकीसाठी चोळी आणणे हे पोरग्याने निरोप पोचविण्याइतके साधे राहत नाही. कारभाऱ्याच्या मनात किंतु उभा राहतो आणि म्हातारा बोलणे टाकतो. राजारामला या अबोल्यातून जो अर्थ लागतो तो दुहेरी आहे. आपल्या प्रत्येक कृतीला आता वजन आहे, हा एक. आणि आपल्या मनात खरोखरच काही होते की नव्हते, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलाच नव्हता, हा दुसरा. तारुण्यात पदार्पण म्हणतात ते हेच. दुसऱ्याने घेतलेल्या संशयामुळे माणूस प्रथमच आपल्या अंतःकरणाची झडती घेतो.

पुढे राजाराम वाडीत तालीम उभारण्याचे मनावर घेतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे निस्सीम पुरस्कर्ते होते, त्यांच्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते, तेव्हा अशा राजाच्या मुलखातल्या मास्तराला तालीम सुचावी यात नवल नाही. वाडी श्रमाने ती इमारत उभी करते, उद्घाटनाला स्वतः राजेसाहेब येतात, आणि त्या दिवशी कालचा पोरसवदा मुलगा एका गावाचा कर्ता माणूस म्हणून सर्वांसमोर उभा असतो. एखाद्या सामान्य चित्रपटाने येथेच पडदा पाडला असता.

माडगूळकर आणि पालेकर तसे करीत नाहीत, आणि या कथेची खरी थोरवी त्यातच आहे. पाऊस दगा देतो. पाणी आटते, चारा संपतो, मेंढरे पटापट मरू लागतात, आणि धनगर आपला उरलासुरला कळप घेऊन जगण्यासाठी परमुलखाची वाट धरतात. कारभारी मरतो. तालीम ओस पडते, शाळेत पोर उरत नाही, आणि अखेरीस मास्तरच्या हाती बदलीचा हुकूम पडतो. ज्या माणसांनी त्याला मास्तर केले ती माणसेच आता तिथे नाहीत. मग त्याने स्वतःविषयी मिळविलेल्या ज्ञानाचे काय? कथा याचे उत्तर उच्चारीत नाही. परंतु हुकूम घेऊन आलेला आणि हुकूम घेऊन निघालेला राजाराम हे दोन निराळे पुरुष आहेत, हे प्रेक्षकाला निःसंशय जाणवते, आणि ते परिवर्तन कोणत्याही यशाच्या आधाराशिवाय टिकलेले आहे म्हणूनच मी ते खरे मानतो.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उपसून आटपाडीच्या शिवारापर्यंत आणले आहे. तरीही विशी-बाविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी नेमणुकीचे पत्र घेऊन कधी न पाहिलेल्या वस्तीवर रुजू होते, आणि तिथली पोरे त्याच दिवसापासून त्यांना ‘सर’ किंवा ‘बाई’ म्हणू लागतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अध्यापक विद्यालयांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी दर वर्षी शेवटच्या सत्रात आपल्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवावा, आणि शक्य तर त्याच आठवड्यात कादंबरीही त्यांच्या हाती द्यावी.