सकाळचं गिओन

क्योतोतलं गिओन बघायला बहुतेक पर्यटक संध्याकाळी येतात. माझं म्हणणं, सकाळी यावं. हानामिकोजीच्या फरसबंदी रस्त्यावरून, लाकडी जाळ्यांच्या घरांसमोरून काही मुली लगबगीने जाताना दिसतात. अंगात साधा किमोनो, चेहऱ्याला रंगाचा टिपूसही नाही. त्या यासाका न्योकोबा गाकुएन या त्यांच्या शाळेला निघालेल्या असतात. तिथे नाच, शामिसेन हे तंतुवाद्य, बासरी, ढोलक्यांचे ताल, चहाविधी असं सगळं शिकायचं असतं.

या मुली गेइशा होण्यासाठी शिकताहेत. ‘गेइशा’ शब्दाला चिकटलेला संशय इथे गळून पडावा. ‘गेइ’ म्हणजे कला, ‘शा’ म्हणजे माणूस. सुरुवातीचे गेइशा तर पुरुषच होते. क्योतोत मात्र गेइको म्हणतात आणि जी अजून शिकते आहे ती माइको. शहरात गेइकोंच्या पाच वस्त्या आहेत. कामिशिचिकेन सर्वांत जुनी, गिओन कोबू सर्वांत मोठी. यासाका देवळाला येणाऱ्या यात्रेकरूंना चहापाणी देणाऱ्या दुकानांतून गिओन वाढलं. म्हणूनच मैफलीच्या घराला आजही ‘ओचाया’, म्हणजे चहाघर म्हणतात. अनोळखी पाहुण्याला तिथे प्रवेश नाही, जुन्या गिऱ्हाइकाने सोबत न्यावं लागतं. पूर्वी बैठकीचा हिशेब जळालेल्या उदबत्त्यांवर व्हायचा.

मुलगी येते ती साधारण पंधराव्या वर्षी, सक्तीचं शिक्षण संपवून. ‘ओकिया’ या घरात राहते. तिथल्या मालकीणबाई तिच्या ‘ओकासान’, म्हणजे आई. वडीलधारी गेइको ‘ओनेसान’, म्हणजे ताई. पहिले महिने घरकामात आणि क्योतोची मऊ बोली जिभेवर बसवण्यात जातात. मग ताईबरोबर मैफलीत जाऊन नुसतं बघायचं. कोणाचा पेला कधी भरायचा, कुठे गप्प बसायचं, हे कोणी समजावून सांगत नाही. ते बघून उचलायचं. ताईशी साके या मद्याचे नऊ घोट घेऊन नातं पक्कं होतं आणि ताईच्या नावातलं एक अक्षर तिच्या नव्या नावात येतं.

जाणकार माणूस माइकोकडे एकदा बघून तिचं वर्ष सांगतो. पहिल्या वर्षी फक्त खालचा ओठ रंगवलेला. आतली गळपट्टी लाल, ती वर्षागणिक भरतकामाने पांढरी होत जाते. केसांतली फुलं महिन्याप्रमाणे बदलतात: एप्रिलला चेरी, नोव्हेंबरला मेपलची पानं. केस तिचे स्वतःचेच, म्हणून ती उंच उशीवर मान टेकवून झोपते. पाठीवर घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या लांबलचक ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या टोकाला ओकियाचं चिन्ह विणलेलं असतं.

हे सगळं टिकलं त्याला क्योतोवरचं एक संकटही कारण झालं. सम्राट टोकियोला गेले आणि शहर ओस पडायची भीती निर्माण झाली. 1872 साली प्रदर्शन भरवलं, त्यात गिओनने ‘मियाको ओदोरी’ सुरू केलं. चटईच्या खोलीतला नाच रंगमंचावर आला, तोही समूहाने. तिसऱ्या इनोउए याचियो या गुरुबाईंनी तो बसवला. युद्धाचे आणि साथीचे खंड सोडले, तर दर एप्रिलला तो होतो आहे, आणि इथला नाच आजही इनोउए घराण्याचाच आहे.

या कौतुकात एक गोष्ट विसरू नये. माइकोला पगार नसतो. किमोनो, शिक्षण, जेवणखाण ओकिया बघते, हातात खर्चापुरते पैसे मिळतात. अल्पवयीन मुलींना रात्रीच्या मैफलीत बसवण्यावर जपानमध्येच प्रश्न विचारले गेलेत, आणि ते विचारायलाच हवेत. पर्यटकांचा जाच वेगळा. कॅमेरा घेऊन मुलींच्या मागे धावणाऱ्यांना आवरायला रहिवाशांनी 2019 मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रबंदीचे फलक लावले, 10,000 येन दंडासह. 2024 मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या.

साधारण पाच वर्षांनी ‘एरिकाए’ होतं, म्हणजे गळपट्टी बदलते. लाल जाऊन पांढरी येते. केसांची गाठ ओकासान आणि ताया कात्रीने कापतात. आता टोप घालायचा, पुढे घर स्वतःचं करायचं, कमाई स्वतःची. शाळा मात्र सुटत नाही. सकाळी तीच वाट, तोच वर्ग, आणि त्याच शाळेत शिकायला येणारी, सत्तरी ओलांडलेली एखादी गेइको.