बोल्बींचे ४४ चोर
आता जॉन बोल्बींचं उदाहरण घेऊ. लंडनच्या बाल मार्गदर्शन केंद्रात आलेल्या ४४ चोरट्या मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली १४ मुलं कुणालाच जीव न लावणारी. या १४ पैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेले! केंद्रातल्याच, चोरी न करणाऱ्या ४४ मुलांत असे फक्त २. म्हणजे ‘जन्मजातच चोर’ म्हणून हात झटकता येत नाहीत. हे या विचाराचं मोठं बळ.

पण उरलेले ३० चोर? त्यांत ताटातूट फक्त ५ जणांची. म्हणजे ४४ पैकी २७ जणांना हे कारण लागूच पडत नाही. शिवाय मुलं तपासणारे बोल्बीच, ‘मायाशून्य’ ठरवणारेही तेच. ताटातूट मुळात का झाली, गरिबीमुळे की आजारपणामुळे, हा प्रश्न मागेच पडला आणि बोल आयांना लागला.