परसातील भाजीची साठवण

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव केळीच्या बागांसाठी ख्यात आहे; आणि ज्या घरात केळीचा घड पिकत ठेवलेला असतो, त्या घरात परसातून खुडून आणलेली भाजी कोठे ठेवावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. देठापासून विलग झाल्यावरही भाजीचा श्वासोच्छ्वास अव्याहत चालू असतो, आणि पिकते केळे इथिलीन नावाचा जो वायू सोडते, त्याच्या सान्निध्यात मेथी-कोथिंबिरीची पाने अकाली पिवळी पडतात. म्हणून दोहोंचा मुक्काम निरनिराळ्या जागी असावा. सकाळच्या गारव्यात खुडलेली पालेभाजी न धुता, माती झटकून, ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळावी. कांदे-बटाट्यांची तजवीज मात्र कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी, परस्परांपासून दूर करावी. विजेचा भरवसा नसेल, तेथे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शीतकक्ष फार उपयुक्त ठरतो: विटांच्या दुहेरी भिंतींमधील सुमारे ७.५ सेंटिमीटर पोकळीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवली, की पाणी बाष्परूपाने उडताना आतील उष्णता हरण करते. कष्टाने पिकवलेले अन्न कुजू न देणे, हाही कृषिधर्मच होय.